शिक्षा वाढवा की मोबाईल पंचनाम्यात आणा?

मोबाईलवर बोलत गाडी चालवून कोणाचा जीव घेतला, तर ग्रामसभेच्या ठरावात काय मागायचं? आमच्याकडे दोन मसुदे फिरत होते. एकात शिक्षा वाढवा, दुसऱ्यात चालकाचा मोबाईल जागेवरच जप्त करून कॉल रेकॉर्ड मागवा. मी सही दुसऱ्यावर केली.

पहिला मसुदा वाईट नाही, लोकांचा राग खरा आहे. पण निष्काळजीपणानं जीव घेतल्याबद्दल जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये कमाल शिक्षा दोन वर्षं होती, ती १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये पाच झालीच आहेत. किमान शिक्षा तेव्हाही नव्हती, आताही नाही आणि गुन्हा जामीनपात्रच. पळून जाणाऱ्याला दहा वर्षं लिहिली, तर जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला आणि ते कलम लागू करणं थांबलं. सदोष मनुष्यवध लावा म्हणणारेही आहेत. तिथं जीव जाऊ शकतो याची चालकाला जाण होती, हे दाखवावं लागतं. कागदावर मोबाईलच नसेल, तर दाखवणार कशावरून?

माझी ठेच इथंच लागली. मोठेबाबा कापसाची बंडी घेऊन येत होते, टेम्पोनं मागून उडवलं. टपरीवाला आजही सांगतो, "तो फोनवर बोलूनच राहिला होता न भाऊ." फिर्यादीत मात्र तेच ठरलेलं वाक्य: भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे. मोबाईल हा शब्द कुठंच नाही. पोलिसांना विचारलं तर म्हणे, "ते त्यातच आलं." फोन चालकाच्या खिशातच घरी गेला. कोर्टात त्याच्या वकिलानं टपरीवाल्याला वेग विचारला. चहा गाळणारा माणूस वेग काय सांगणार? चालक सुटला. पाच वर्षांची शिक्षा असती, तरी सुटलाच असता.

हातात मोबाईल धरून चालवणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं. त्यात पोलीस लायसन्स काढून घेऊन निलंबनासाठी पाठवू शकतात. कायदा आहे, नोंद होत नाही.

दुसऱ्या मसुद्यातही उणीव आहे, नाही म्हणत नाही. रील पाहणारा कॉल रेकॉर्डमध्ये सापडत नाही, त्याला फोनच तपासावा लागतो. आमचे सरपंच तर अजून शिक्षेवरच अडून आहेत, कदाचित त्यांचंही बरोबर असेल.

तुम्ही दुसरा निवडलात, तर एक ओळ आमच्याकडून राहिली ती घाला: १०८ ला फोन केल्याची वेळ पंचनाम्यात लिहावी. चालकाचा कॉल त्या वेळेशीच ताडून पाहता येतो.