डेट्रॉइटचा कॅड्जू कॅफे की विस्कॉन्सिनची बेल्जियन गावं: कुठे जायचं?

मिशिगन, शिकागो, मिलवॉकी या पट्ट्यात राहणाऱ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हे विचारलंय, की नेहमीच्या स्पोर्ट्स बारपेक्षा वेगळी, जरा जुनी, माणसांची वाटेल अशी जागा कुठे आहे, आणि बेल्जियन लोकांबद्दल ऐकलंय तर डेट्रॉइटला जावं की विस्कॉन्सिनमधल्या डोअर पेनिन्सुलाला. सरळच सांगते: हातात एकच संध्याकाळ असेल तर डेट्रॉइट. दोन दिवस, स्वतःची गाडी आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर विस्कॉन्सिन. दोन्हीकडची मंडळी स्वतःला बेल्जियनच म्हणवतात, पण अनुभव एकदम वेगळा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी कॅड्जू कॅफे, डेट्रॉइटमधला जुना बेल्जियन बार. (स्पेलिंग फ्रेंच आहे, Cadieux, मॅपवर शोधताना गोंधळू नका, डेट्रॉइटवाले कॅड्जूच म्हणतात.) शहराच्या पूर्व भागात, ग्रोस पॉइंट या उपनगराच्या सीमेजवळ, बाहेरून अगदी साधं बैठं दुकान वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे फ्लेमिश, म्हणजे बेल्जियमच्या उत्तर भागातले, हजारो लोक आले, बरेचसे मोटारींच्या कारखान्यांत लागले, आणि आपल्यातलेही कितीतरी जण मिशिगनला याच इंडस्ट्रीमुळे आलोय त्यामुळे मला ही गोष्ट पहिल्यापासून जवळची वाटते. या लोकांचं स्वतःचं वर्तमानपत्र होतं, गॅझेट व्हॅन डेट्रॉइट, १९१४ ला सुरू झालेलं आणि २०१८ पर्यंत चाललेलं. शंभर वर्षं! त्यांची चर्च होती, कबुतरांच्या शर्यती होत्या, धनुर्विद्या होती, सायकल रेस होत्या. कॅड्जू कॅफे दारूबंदीच्या काळात चोरून दारू मिळणारा अड्डा होता, १९३३ ला बंदी उठली आणि तो रीतसर बार झाला. १९६२ पासून पन्नासहून जास्त वर्षं तो एकाच बेल्जियन कुटुंबाने चालवला. अलीकडे मालक बदलले, पण मागच्या खेळाच्या लेन जशाच्या तशा ठेवल्यात, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्या लेनमध्येच आहे.

खेळाचं नाव फेदर बोलिंग. नेहमीच्या बोलिंगशी याचा फारसा संबंध नाही. बारला लागूनच दोन लांबलचक मातीच्या लेन आहेत, पन्हळीसारख्या मध्ये खोलगट, आणि टोकाला मातीत कबुतराचं एक पीस उभं खोचलेलं. बॉल म्हणजे लाकडी चाक, चीजच्या जाड गोल चक्क्यासारखं, आणि कडा अशी उतरती की ते सरळ जातच नाही. वाकून सोडलं की ते एका बाजूची चढण चढतं, वळतं, खाली येऊन दुसऱ्या बाजूला चढतं, असं झोकांड्या खात पुढे जातं आणि शेवटी डुगडुगत आडवं होतं. पिसाच्या सगळ्यात जवळ ज्याचा बॉल त्याचा पॉइंट. दोन टीम, प्रत्येकी सहा बॉल. पहिले एक-दोन बॉल पिसाशी नेऊन ठेवायचे, मग पुढचे मुद्दाम अलीकडे आडवे टाकून रस्ता अडवायचा, आणि समोरचे मग तो अडसर फोडायला जोरात बॉल हाणतात, तेव्हा होणारा लाकडाचा ठोका आणि त्यामागचा आरडाओरडा ऐकण्यासारखा असतो. जोर लागत नाही, अंदाज लागतो, त्यामुळे सत्तरीतले सासरे आणि बारा वर्षांची मुलगी एका टीममध्ये आरामात खेळू शकतात. बाजूच्या लेनवर लीगमध्ये वर्षानुवर्षं खेळणारा कोणी असेल तर तो तुमचा हात बघून आपणहून सांगायला येतो, इथून सोड, एवढ्याच जोरात सोड. ओळख नसलेल्या बारमध्ये तासाभरात कोणीतरी तुम्हाला नावाने हाक मारतं, हे मला अमेरिकेत फार कमी ठिकाणी मिळालंय.

खायला मसल्स, म्हणजे आपल्या तिसऱ्यांची मोठी काळी भावंडं, भांडंभर येतात, सोबत फ्राइज. कोकणातल्या माणसाला मी आणखी काही सांगायची गरज नाही. बेल्जियन बिअर बऱ्याच आहेत, आणि यातल्या काही आठ-नऊ टक्क्यांच्या असतात, नेहमीच्या बिअरच्या हिशोबाने पिऊ नका, आणि परत गाडी चालवणारा आधीच ठरवा. शाकाहारी लोकांचं मात्र इथे फारसं जमत नाही, फ्राइज आणि एखाददोन पदार्थांवर भागवावं लागतं, तेव्हा घरून थोडं खाऊन निघालेलं बरं.

आता विस्कॉन्सिन. ग्रीन बेच्या ईशान्येला, डोअर पेनिन्सुलाच्या दक्षिण टोकाला ब्रसेल्स, नामूर, रोझिएर, शॅम्पियन अशी गावं आहेत. इथले लोक १८५३ पासून आले, ते वालून, म्हणजे फ्रेंचच्या जवळची भाषा बोलणारे शेतकरी. कारखान्याची शिफ्ट नाही, जंगल तोडून केलेली शेती. ८ ऑक्टोबर १८७१ च्या पेश्टिगोच्या आगीत, ज्या रात्री शिकागोही जळत होतं, इथलीही वस्ती होरपळली आणि त्यानंतर लोकांनी घरं विटांची बांधली. ती लाल विटांची घरं, रस्त्याकडेची पेटीएवढी चॅपल, घराला जोडलेल्या पाव भाजायच्या भट्ट्या आजही दिसतात, आणि नामूरच्या जुन्या चर्चमध्ये बेल्जियन हेरिटेज सेंटर आहे, तिथे आधी जा म्हणजे बाकीचं कळायला सोपं जातं.

इथलं आकर्षण एका बारमध्ये नाही, ते पसरलंय. गावाच्या चौकातला टॅव्हर्न, शुक्रवारचं फिश फ्राय, कोपऱ्यात कुयाँ नावाचा पत्त्यांचा खेळ खेळणारे म्हातारे. सुगी झाली की कर्मिस, म्हणजे पीक घरात आल्याचा उत्सव, आपल्याकडच्या गावजत्रेचा मूड. तेव्हा मोठ्या हंड्यांत तासन्‌तास शिजवलेलं बुया मिळतं, चिकन आणि भाज्यांचं दाट सूप, आणि ट्रिप नावाचं कोबी घातलेलं पोर्कचं सॉसेज, आणि प्रून (सुका आलूबुखार) किंवा भाताचा गोड थर असलेला बेल्जियन पाय (pie). पायसाठी मी परत जाईन. लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, चालत नसेल तर विचारून घ्या.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे: बाहेरच्या माणसाला हे सगळं बघायला मिळतं, त्यात शिरायला वेळ लागतो. कुयाँच्या टेबलावर तुम्हाला कोणी पहिल्या भेटीत बसवून घेणार नाही, ते एकमेकांना शाळेपासून ओळखतात. लोक प्रेमळ आहेत, पाय खाऊ घालतील, आजीच्या गोष्टी सांगतील, पण तुम्ही पाहुणेच. शिवाय थंडीत पेनिन्सुलावरची बरीच दुकानं बंद असतात, जानेवारीत जाऊन रिकामे रस्ते बघून येऊ नका. डेट्रॉइटला मात्र जानेवारीत उलट जास्त मजा येते, बाहेर बर्फ आणि आत मातीच्या लेन.

म्हणून माझा कल कॅड्जूकडे. परंपरा काचेमागे ठेवली की आपण दोन मिनिटं बघून पुढे जातो, इथे तीच परंपरा हातात देतात आणि म्हणतात टाक. मित्रांचा सात-आठ जणांचा ग्रुप, ऑफिसची टीम, भारतातून आलेले आईवडील ज्यांना बारमध्ये बसायला अवघडल्यासारखं होतं, या सगळ्यांना खेळ मिळाला की पिणं बाजूला पडतं. पण ज्याला इतिहास, शेतं, जुनी घरं, हळूहळू गाडी चालवत जायची हौस आहे, फोटो काढायचेत, त्याने डोअरच निवडावं, त्याला कॅड्जूत एका तासानंतर करायला काही उरणार नाही.

इलिनॉय-आयोवाच्या सीमेवरच्या क्वाड सिटीजमध्ये जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीच्या कामासाठी पुण्याहून आलेले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी तिसरा पर्याय घराजवळच आहे. तिथल्याच मोलीनमध्ये बेल्जियन कल्चरचं सेंटर आहे, तिथे वॉफल ब्रेकफास्ट असतो, आणि गावात रोल-बोलही खेळतात, चाकासारखा बॉल खुंटीजवळ नेण्याचा खेळ. बार नाही, त्यामुळे वरच्या दोघांशी बरोबरी करत नाही, पण मुलांना घेऊन सकाळी जायला छान.

कॅड्जूला जाणार असाल तर लेन आधी फोन करून बुक करा, तासाचे पैसे घेतात, आणि लीगच्या संध्याकाळी लेन पाहुण्यांना मिळत नाहीत, तेव्हा तेही विचारा, लहान मुलं आणायची असतील तर वेळेबद्दलही. माती असते, पांढरे बूट नकोत. आणि पहिल्या खेळात कोणाचाच बॉल पिसाजवळ जात नाही, तेव्हा एका तासाऐवजी दोन तासच घ्या.