बार कापायला बँडसॉ की सर्क्युलर सॉ? वाया जाणाऱ्या मालाच्या अंगाने विचार

50 मिमी व्यासाच्या ईएन-8 (मध्यम कार्बनचे पोलाद) बारमधून 60 मिमी लांबीचे नग सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथवर काढायचे असतील, तर कापणीसाठी यंत्र निवडताना बहुतेकांचे लक्ष प्रथम कटच्या जाडीकडे जाते. त्या बाबतीत बँडसॉ, म्हणजे लांब पट्टीच्या फिरत्या ब्लेडची करवत, सरस आहे. त्याचा कट साधारण 1.5 मिमीचा असतो, तर कार्बाइड दातांच्या सर्क्युलर सॉचा, म्हणजे गोल चकतीच्या करवतीचा, 2 मिमीच्या आसपास. व्यासाचा वर्ग भागिले 162 या नेहमीच्या हिशेबाने हा बार मीटरला साधारण 15.4 किलो भरतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने कटमागे सात-आठ ग्रॅम माल वाचतो.

भोसरीतल्या आमच्या कामाच्या अनुभवावरून मात्र मला असे वाटते की, चुऱ्यात जाणाऱ्या मालापेक्षा फेसिंगसाठी (कापलेले तोंड लेथवर सपाट करण्यासाठी) सोडावी लागणारी लांबी अधिक महाग पडते, आणि माझा निर्णय तिथेच झाला. बँडसॉचे ब्लेड नवे असते तोवर कट सरळ येतो. पुढे एका बाजूचे दात जास्त झिजले, ताण उतरला किंवा ब्लेडला आधार देणारे गाइड कापायच्या बारपासून लांब राहिले, की ब्लेड एका अंगाला ओढू लागते आणि कट तिरका होतो. हा तिरकेपणा लांबी मोजताना सहज लक्षात येत नाही, कारण कॅलिपर ज्या बाजूला लावावे त्या बाजूची लांबी बरोबर भरू शकते. नग चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरला की फेसिंगचे टूल आधी अर्ध्याच भागाला लागते, तुटक आवाज येत राहतो, आणि ठरलेल्या लांबीपर्यंत आले तरी एका कडेला करवतीच्या रेषांची चंद्रकोर शिल्लक राहते. असा नग भंगारातच टाकावा लागतो.

त्यामुळे अंदाज काढताना सर्वांत वाईट कट गृहीत धरावा लागतो. 6 मीटरच्या बारमधून टोकांसाठी 100 मिमी वजा केले, तर बँडसॉवर दोन्ही बाजू मिळून 3 मिमी फेसिंग धरल्यास 91 नग बसतात, झिजलेल्या ब्लेडसाठी 4 मिमी धरल्यास 90. सर्क्युलर सॉवर आम्हाला 1.5 मिमी पुरते, आणि कट जाड असूनही 92 नग निघतात. फरक बारमागे एक-दोन नगांचाच आहे. परंतु कोटेशन देताना ब्लेडच्या वयानुसार बदलणारा आकडा धरायचा की कायम राहणारा, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. ऑर्डरच्या शेवटी पाच-सहा नग कमी पडले, तर त्यांच्यासाठी अख्खा बार आणावा लागतो.

अर्थात 150-200 मिमी व्यासाचा माल असेल, रोज वेगळा आकार कापायचा असेल किंवा नग थोडेच असतील, तर बँडसॉच सोयीचा ठरेल, असे म्हणणे रास्त आहे. दोन्ही यंत्रांच्या किमतींतील तफावतही दुर्लक्षिण्याजोगी नाही. मात्र 100 मिमीच्या आतला एकाच मापाचा माल सतत चालू असेल, तर माझा कल सर्क्युलर सॉकडे राहील. बँडसॉच घ्यायचा ठरल्यास पाळीच्या सुरुवातीला एक नग काढून त्याच्या तोंडाला गुण्या (काटकोन तपासायचे साधन) वर-खाली आणि आडवा असा दोन्ही दिशांनी लावून बघावा, आणि जी फट दिसेल तिच्यावरून त्या दिवसाची फेसिंगची सूट ठरवावी.