रत्नागिरीतील स्पॅनिशचा वर्ग: व्याकरण भक्कम, संभाषण अपुरे

मी बोटीवर इंजिनिअर आहे. काय्याओ, ग्वायाकील, वाल्पाराइसो अशा दक्षिण अमेरिकेतील बंदरांच्या फेऱ्यांमुळे कामापुरते स्पॅनिश मला बरीच वर्षे येत होते. पण सुटा भाग वेळेत मिळाला असता तर काय टळले असते, असे काही सांगायची वेळ आली की माझी वाक्ये वर्तमानकाळातच अडकून पडत. म्हणून या सुट्टीत रत्नागिरीतील एका खासगी वर्गाचा बी-टू पातळीचा (युरोपीय भाषा-श्रेणीतील सहापैकी चौथ्या पायरीचा) अभ्यासक्रम मी पूर्ण केला. गुहागरच्या बाजूने येताना तवसाळ-जयगड फेरीबोट धरावी लागते, त्यामुळे प्रत्येक तासामागे अर्धा दिवस जात असे, आणि एवढा वेळ देणे योग्य ठरले का, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे.

व्याकरणापुरते उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. वर्ग घेणाऱ्या बाई प्रत्येक नवी गोष्ट मराठीच्या आधाराने शिकवतात आणि तो आधार कुठे सुटतो तेही स्पष्ट दाखवतात. ‘मला आंबे आवडतात’ आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद आंब्यांनुसार अनेकवचनी होते, हे आपल्याला पहिल्या पातळीवरच कळलेले असते. बी-टूला खरा प्रश्न असतो तो सब्जंक्टिव्हचा, म्हणजे इच्छा, शंका किंवा अजून न घडलेली गोष्ट सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या वेगळ्या रूपाचा. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावेस’ आणि ‘किएरो के बेंगास’ यातील ‘बेंगास’ शेजारी मांडले की, इच्छेच्या वाक्यात क्रियापद रूप का बदलते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. ‘तू आलास की कळव’ असे आपण सहज म्हणतो, म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीसाठी भूतकाळाचे रूप वापरतो. स्पॅनिशही तिथे भविष्यकाळ टाळते आणि ‘कुआन्दो येगेस, आविसामे’ असे सब्जंक्टिव्ह घेते. ‘मला माहीत असते तर मी आलो नसतो’ या वाक्यात ‘असते’ आणि ‘नसतो’ दोन्ही बाजूंना येतात, तसेच ‘सि लो उबिएरा साबिदो, नो उबिएरा बेनिदो’ यात ‘उबिएरा’ दोनदा येते. इतकी वर्षे ज्या रचनेला मी घाबरत होतो, ती माझ्या आईच्या बोलण्यात रोज होती, हे कळल्याचा आनंद मोठा होता.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटला. ‘तो येईल असे मला वाटत नाही’ यात मराठीचे ‘येईल’ जसेच्या तसे राहते, तर स्पॅनिशमध्ये नकार येताच ‘नो क्रेओ के बेंगा’ असा बदल होतो. इथे मराठीवर विसंबणारा हमखास चुकतो, आणि बाईंनी नेमक्या याच जागेला दोन पूर्ण तास दिले. ‘आजोबा पहाटे जाळे टाकायला जात’ आणि ‘त्या दिवशी गेले’ यांवरून ‘इबा’ आणि ‘फुए’ यांतला फरकही त्यांनी असाच पक्का करून घेतला.

संभाषणाबाबत मात्र माझी तक्रार आहे. बारा जणांच्या गटात दोन तासांतून एकेकाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे बोलणे येत असे, आणि तेही बहुधा आधी लिहून आणलेले. इन्स्तितुतो सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या डेले या स्पॅनिश प्रावीण्य परीक्षेची तयारी करणाऱ्यांना हे महागात पडू शकते, कारण तिथे वाचन आणि लेखन एका गटात, तर श्रवण आणि संभाषण दुसऱ्या गटात मोजले जाते, आणि प्रत्येक गटात पन्नासपैकी किमान तीस गुण लागतात. व्याकरणाच्या जोरावर लेखनात मिळवलेले गुण बोलण्यातली उणीव भरून काढू शकत नाहीत. बी-टूच्या तोंडी परीक्षेत तयारीला वीस मिनिटे मिळतात आणि त्यानंतर सुमारे वीस मिनिटे बोलावे लागते. पाच मिनिटांच्या सवयीवर ते निभावणे कठीण आहे.

ऐकण्याचा सगळा सराव स्पेनमधील उच्चारांवर झाला. लॅटिन अमेरिकेत ‘वोसोत्रोस’ (स्पेनमधील अनौपचारिक अनेकवचनी ‘तुम्ही’) वापरत नाहीत, चिलीमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘स’ बहुधा विरून जातो, आणि माझ्यासारख्या बोटीवरच्या माणसाच्या कानावर पडणार ते हेच बोलणे. कोकणातून समुद्रावर जाणाऱ्यांची संख्या पाहता निदान चार तास तरी या उच्चारांना द्यायला हवे होते. निबंध तपासून मिळायलाही दोन-दोन आठवडे लागत, तोवर त्याच चुका पुढच्या निबंधात उतरलेल्या असत.

फी वाजवी आहे, खोली हवेशीर आहे. पावसाळ्यात वीज गेली तरी तास बंद पडला नाही.

ज्यांचे बोलणे बरे आहे पण व्याकरण कच्चे आहे, त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. उलट अवस्था असेल, तर प्रवेश घेण्यापूर्वी गट सहा जणांचा करता येईल का, हे बाईंना विचारावे. अभ्यासक्रम संपताना मी ही सूचना त्यांच्याकडे लेखी दिली आहे, आणि पुढच्या तुकडीत शनिवारचा एक तास केवळ बोलण्यासाठी ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे.