शांघायमधलं आमच्या गल्लीतलं कम्युनिटी कॅन्टीन: जेवण उत्तम, पण हे टिकायला हवं

शांघायला नवीन येणारे मराठी लोक नेहमी विचारतात की रोजचं, घरच्यासारखं आणि स्वस्त जेवण कुठं मिळेल, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय. यांगपू भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कम्युनिटी कॅन्टीन आहे. जागा तिथल्या वॉर्ड ऑफिसची, चालवायला ठेकेदार, आणि वरून सरकारचं थोडं अनुदान. शिवभोजन थाळी केंद्र बघितलं असेल तर साधारण अंदाज येईल, फक्त इथं ठरलेली थाळी नसते, ट्रे घेऊन पुढं सरकायचं आणि हवं ते उचलायचं. मूळ हेतू म्हाताऱ्या माणसांची सोय, पण खायला कुणीही जाऊ शकतं.

आधी जेवणाचं सांगते. वाकटी तळून सोया सॉसमध्ये शिजवलेली असते ती चुकवू नका, कोकणातल्या माणसाला तर आवडणारच. टोमॅटो-अंडं भातावर घेतलं की मस्त लागतं. डुकराचं मांस साखर-सोयामध्ये मुरवलेलं असतं ते मला जरा गोड वाटतं, पण शांघायची चवच तशी आहे. सूप फुकट, भात १ युआन, पालेभाजी ४-५, मासा १०-१२, म्हणजे २० युआनच्या आत पोट भरतं, आपले साधारण अडीचशे रुपये. शाकाहारी लोकांनी मात्र प्रत्येक भाजीला विचारा, साध्या दिसणाऱ्या पालेभाजीलाही डुकराची चरबी लावलेली असू शकते आणि टोफूत खिमा असतो. विचारलं तर वाढणाऱ्या मावशी खरं सांगतात, एकदा ओळख झाली की स्वतःहून हात करून "हे नको घेऊ" म्हणतात.

बिल करायची पद्धत भारी आहे, ट्रे मशीनखाली ठेवायचा, ते ताटल्या ओळखून आकडा दाखवतं, आपण फोनने पैसे देतो आणि आजी-आजोबा कार्ड लावतात, त्यांना वयानुसार सूट मिळते. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी काउंटरला एक बाई उभी असते आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण २०२२ च्या एप्रिल-मे मध्ये कोरोनामुळे अख्खं शहर कुलूपबंद होतं तेव्हा भाजी-तांदूळ फोनवर ग्रुपने मागवावं लागायचं आणि एकट्या राहणाऱ्या, फोन न जमणाऱ्या म्हाताऱ्यांचे जे हाल झाले ते इथले लोक अजून विसरलेले नाहीत. नोटा चालतात का असं कोणी विचारलं तर हो, चालतात.

साडेदहालाच आजी-आजोबांची रांग लागते. माझ्या टेबलावर बरेचदा एक आजोबा असतात, ते मासा आणि अर्धी भाजी खातात, उरलेली भाजी आणि भात स्टीलच्या डब्यात भरून नेतात, रात्रीचं जेवण तेच. मुलगा एकुलता एक आणि कामाला शेन्झेनला. अशी घरं इथं दर मजल्यावर आहेत, १९८० च्या आसपास सुरू झालेलं एक मूल धोरण २०१५ पर्यंत चाललं, त्यामुळे आज एकेका जोडप्यावर दोन्हीकडचे मिळून चार आईबाप आणि वर कधीकधी आजी-आजोबाही. शांघायचा हुकौ म्हणजे इथली कायमची नोंदणी असलेल्या लोकांत तर तिघांमागे एकापेक्षा जास्त जण साठीच्या पुढचे आहेत. आणि मुलं होत नाहीयेत, २०२२ पासून देशाची लोकसंख्याच कमी व्हायला लागली, २०२३ मध्ये फक्त ९० लाख बाळं जन्मली. २०२१ ला तीन मुलांची परवानगी दिली, २०२५ पासून तीन वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३६०० युआन द्यायला लागले, पण माझ्या ऑफिसातल्या मुली सरळ म्हणतात की घरभाडं आणि मुलांच्या शाळेचा खर्च बघता या पैशात काय होतंय.

साडेबारानंतर कॅन्टीनचं रूपच बदलतं, तरुण पोरं येतात, डिलिव्हरीवाले हेल्मेट मांडीवर ठेवून दहा मिनिटांत जेवून जातात. लॅपटॉप घेऊन बसणारी काही मुलं दिवसभर नोकरीचे अर्ज भरत असतात. जून २०२३ मध्ये १६ ते २४ वयातली शहरी बेरोजगारी २१.३ टक्के निघाली आणि त्यानंतर सरकारने आकडा जाहीर करणंच थांबवलं, मग काही महिन्यांनी शिकणारी मुलं वगळून नवीन पद्धतीने आकडा दिला. मला हे अजिबात पटलं नाही. पोरं तर तीच आहेत ना, समोर बसून १ युआनचा भात खातायत. २०२५ मध्ये १ कोटी २२ लाख पदवीधर कॉलेजमधून बाहेर पडले, त्यातले कितीतरी शेवटी डिलिव्हरीची स्कूटर पकडतात. कधीकधी रांगेत आजींची कुरकुर ऐकू येते की ही जागा आमची आहे, तरुणांनी का गर्दी करावी. मला दोघांचंही पटतं.

वाढणाऱ्या मावशींबद्दल लिहायलाच हवं, कारण या जागेचा जीव त्याच आहेत. त्यातल्या एक आन्हुई प्रांतातल्या खेड्यातून आल्यात, इतकी वर्षं शांघायमध्ये राबूनही हुकौ गावचाच. शांघायच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या आजोबांना महिन्याला काही हजार युआन पेन्शन मिळते आणि या मावशींच्या आईला गावी दोनशेच्या आसपास. खेड्यातल्या म्हाताऱ्यांसाठी केंद्राने ठरवलेली किमान पेन्शन २०२५ मध्ये वाढवून १४३ युआन केली, महिन्याला! म्हणजे इथली सात-आठ जेवणं. ज्या म्हाताऱ्यांना सूट खरी हवी ते तर गावात आहेत आणि गावात असं कॅन्टीन बहुतेक ठिकाणी नाहीच. मावशी दुसऱ्यांच्या आईला वाढतात आणि स्वतःच्या आईला फोनवर विचारतात की जेवलीस का. हे मला रोज टोचतं.

काही तक्रारीही आहेत. संध्याकाळी उशिरा गेलात तर मासा संपलेला असतो. आणि हल्ली ताटातलं प्रमाण जरासं कमी झालंय, मावशी म्हणतात ठेकेदाराला परवडत नाही. ते खोटं नसावं. गावोगावच्या पालिकांचा मोठा पैसा जमीन विकून यायचा, २०२१ मध्ये ती रक्कम ८.७ लाख कोटी युआन होती, बिल्डर बुडायला लागले, एव्हरग्रँड ही बडी बिल्डर कंपनी तर जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या कोर्टाने गुंडाळायला लावली, आणि २०२४ पर्यंत जमिनीचा पैसा ४.९ लाख कोटींच्या खाली आला. मग अनुदान कुठून येणार? ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राच्या ११ खात्यांनी मिळून म्हाताऱ्यांच्या जेवणाची योजना काढली, कागदावर चांगली आहे, पण पैसे शेवटी खालच्या ऑफिसांनीच उभे करायचे. इतर शहरांत अशी बरीच कॅन्टीन सुरू होऊन बंदही पडली आहेत. त्यात २०२५ मध्ये डिलिव्हरी ॲप्सचं भाव पाडायचं युद्ध पेटलं, कूपन लावलं की तरुणांना ऑनलाइन जेवण इथल्यापेक्षा स्वस्त पडायला लागलं. ऐंशीच्या पुढच्या काही जणांना 'सरकारी भोजनालय' म्हटलं की माओच्या काळातली, १९५८ ची कम्यूनची म्हणजे सामूहिक शेतीवाल्या वसाहतींची भोजनालयं आणि नंतरचा दुष्काळ आठवतो, ते इथं येतच नाहीत, आणि त्यावर मोकळेपणी कुणी बोलतही नाही.

माझं मत विचाराल तर पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क प्रमाण कमी केल्याबद्दल कापला. तुम्ही नोकरदार असाल तर कृपा करून साडेअकराच्या आत जाऊ नका, ती वेळ आजी-आजोबांना सोडा, पण दुपारी एकच्या सुमारास जरूर जा आणि कूपनचा मोह टाळून पूर्ण पैसे देऊन जेवा, कारण आपल्यासारख्यांच्या पूर्ण बिलावरही त्यांची सूट चालू राहते. जेवण झालं की ट्रे स्वतः नेऊन ठेवायचा असतो, उजव्या हाताला रॅक आहे.