फायनल इयरचा ग्रूप प्रोजेक्ट: इमारत की मानस?

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षी आमच्या चौघांपुढे दोन विषय होते: स्टॅडवर (स्ट्रक्चरल डिझाईनचं सॉफ्टवेअर) जी प्लस फोरची, म्हणजे तळमजला आणि वर चार मजल्यांची इमारत, नाहीतर गोव्याच्या खाजन शेतातल्या (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल शेतं) जुन्या मानशीचं, म्हणजे भरतीचं पाणी अडवून ओहोटीला शेतातलं पाणी सोडणाऱ्या बांधातल्या दारांचं, नव्याने डिझाईन. इमारत मिनी प्रोजेक्टला करून झाली होती. शेवटी मानस घेतली.

इमारतीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. आयएस ४५६ (काँक्रीटच्या बांधकामाचा भारतीय कोड) गाईडना तोंडपाठ, मुलाखतीतही तेच विचारतात. पण काम चौघांत वाटलं जात नाही, या दुखण्याने मला तरी फार छळलं. मॉडेलची फाईल एक, ती एकाच्या लॅपटॉपवर. एक कॉलम सरकला की बीम, फूटिंग, बीबीएस (सळ्यांचा तक्ता), एस्टिमेट सगळं बदलतं. तोवर बाकीचे तिघे कँटीनमध्ये. मग त्यांच्या वाट्याला टायपिंग आणि बाइंडिंग. व्हायवात एक्स्टर्नलनी एस्टिमेटवाल्याला ‘लोडला गुणलेला हा १.५ कुठून आला?’ विचारलं की तो स्टॅडवाल्याच्या तोंडाकडे बघतो.

मानशीत लेव्हल (उंचीची मोजणी) एकाची, पाण्याचा हिशोब दुसऱ्याचा, भिंती-पाया तिसऱ्याचा, दारं आणि एस्टिमेट चौथ्याचं. पण चौघांनाही उंबऱ्याच्या (दाराखालच्या तळाच्या) लेव्हलवर एकमत करावंच लागतं. उंबरा वर ठेवला तर ओहोटीच्या वेळात शेतातलं पाणी पुरतं उतरत नाही; फार खाली नेला तर पाया महागतो आणि दार गाळात रुततं. त्यात भरतीचे आकडे मुरगावच्या टाइड टेबलातले, चार्ट डेटमवरचे, म्हणजे सागरी नकाशांच्या शून्य पातळीपासून मोजलेले. आपल्या लेव्हल बेंचमार्कवरून (उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून), सरासरी समुद्रसपाटीच्या. दोन्ही एका डेटमवर आणल्याशिवाय ड्रॉइंग जुळत नाहीत. वाद होतात, पण निदान चौघेही त्यात असतात.

त्रास इथेही आहे. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, कॉलेजचं टाइमटेबल सरकत नाही. मानशीतल्या मासेमारीचा हक्क लिलावात घेतलेल्या माणसाला विचारल्याशिवाय दाराला हात लावू नये. त्याची मासळी तिथेच असते.

ग्रूपमधल्या सगळ्यांनाच स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे लागायचं असेल तर इमारत वाईट नाही. एरवी मी मानसच सुचवेन. लेव्हल दिवाळीनंतर लगेच काढून घ्या, आणि एक फेरी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ठेवा. उधाणाचं पाणी बांधावर कुठवर चढतं ते तेव्हाच कळतं.