अवतरणाच्या मागचं अख्खं पत्र: ‘फाउंडर्स ऑनलाइन’ काही महिने वापरल्यानंतर

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी थॉमस जेफरसनची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या लेखकाची, दोन अवतरणं दिली आहेत. पहिल्याचा आशय असा: प्रत्येक पिढी म्हणजे जणू स्वतंत्र राष्ट्र. बहुमताने तिने स्वतःला बांधून घ्यावं, पण पुढच्या पिढीला बांधायचा अधिकार तिला नाही, जसा परक्या देशातल्या लोकांना बांधायचा नाही. दुसरं अवतरण राष्ट्राच्या उपयोगासाठी उभ्या केलेल्या संस्थांबद्दल आहे. त्यांना हातच लावता येणार नाही, हा विचार खुद्द राष्ट्राच्या बाबतीत अगदीच असमंजस ठरतो, असं त्यात म्हटलंय. बाबासाहेबांनी भाषणात ‘एके ठिकाणी’ आणि ‘दुसऱ्या ठिकाणी’ एवढाच उल्लेख केलाय. ती ठिकाणं शोधायला म्हणून मी ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर गेलो आणि मग तिथेच रमलो.

थोडक्यात ओळख. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेबरोबर २०१३ मध्ये हे संकेतस्थळ सुरू केलं. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, जॉन अ‍ॅडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन आणि नंतर भर पडलेले जॉन जे, अशा अमेरिकेच्या सात संस्थापकांची पत्रं, डायऱ्या, मसुदे, टिपणं इथे आहेत. सुमारे १,८५,००० कागद. खातं उघडावं लागत नाही, पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. मजकूर कुणीतरी हौसेने टाइप केलेला नाही; वर्षानुवर्षं संपादित होत असलेल्या छापील खंडांतला आहे, तळटीपांसकट. जेफरसनचे खंड प्रिन्स्टन विद्यापीठाहून १९५० पासून निघताहेत, अजून संपलेले नाहीत. त्याच्या निवृत्तीनंतरचा पत्रव्यवहार वेगळ्या मालिकेत, माँटिसेलोहून, म्हणजे त्याच्या जुन्या घरी असलेल्या संस्थेकडून, निघतो. हे सगळं आपण घरबसल्या वाचतो, तेव्हा चार-पाच पिढ्यांचे संपादक त्यामागे राबलेले असतात.

आता शोधाबद्दल, कारण नवा माणूस पहिल्यांदा इथेच अडतो. बाबासाहेबांचं वाक्य अवतरणचिन्हांत जसंच्या तसं टाकलं, तर हाती काही लागत नाही. भाषणात ‘बहुमताच्या इच्छेने’ आहे, मूळ पत्रात ‘तिच्या बहुमताच्या इच्छेने’ आहे. त्यातही जेफरसन या ‘तिच्या’साठीच्या इंग्रजी ‘इट्स’मध्ये नको तिथे अपॉस्ट्रॉफी घालतो आणि संपादकांनी ती तशीच ठेवलीय. मोठ्या वाक्यात एवढासा फरक असला तरी नेमका शोध कोरडा जातो. उपाय सोपा आहे. वाक्यातले मधले चार-पाच ठसठशीत शब्दच घ्यायचे, लेखकाच्या चौकटीत नाव टाकायचं आणि कालखंड निवडायचा. वसाहतकाळ, क्रांतियुद्ध, मग वॉशिंग्टनची अध्यक्षपदाची कारकीर्द असे कालखंड आधीच पाडून ठेवलेले आहेत. अठराव्या शतकातलं स्पेलिंग प्रत्येकाचं आपापलं होतं, त्यामुळे एकाच शब्दाची दोन-तीन रूपं टाकून बघायची तयारी ठेवावी.

पहिलं अवतरण निघालं २४ जून १८१३ च्या पत्रात. पत्र जेफरसनने आपला जावई जॉन वेल्स एप्स याला लिहिलंय. अमेरिकेचं इंग्लंडशी युद्ध चालू होतं, एप्स काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, होता आणि प्रश्न होता युद्धाचा खर्च भागवायचा कसा. म्हणजे पिढ्यांचं ते भव्य वाक्य आलंय सरकारी कर्जाच्या हिशेबात! आज कर्ज काढायचं आणि फेडायचं नातवंडांनी, याला जेफरसनचा विरोध होता. तळटिपांचा माग काढत मागे गेलं की ६ सप्टेंबर १७८९ चं, पॅरिसहून मॅडिसनला लिहिलेलं पत्र भेटतं. तिथे तर त्याने मृत्यूचे कोष्टक घेऊन गणितच मांडलंय: एका पिढीचं बहुमत साधारण १९ वर्षांत संपतं, म्हणून कुठलंही संविधान आणि कुठलाही कायदा १९ वर्षांनी आपोआप संपावा.

इथे थांबलो असतो तर एक सुंदर विचार वाचला, एवढंच झालं असतं. पण मॅडिसनचं ४ फेब्रुवारी १७९० चं उत्तरही तिथेच आहे, आणि ते वाचल्यावर जेफरसनचा युक्तिवाद बराच डळमळीत वाटायला लागतो. काही कर्जं पुढच्या पिढीच्याच भल्यासाठी काढलेली असतात, स्वातंत्र्ययुद्धाचं आपलं कर्ज बहुधा त्यातलंच, असं मॅडिसन अगदी आदबीने सुनावतो. मला या संकेतस्थळाची सगळ्यात मोठी देणगी हीच वाटते. अवतरणांच्या संग्रहात वाक्य एकटं असतं. इथे त्याच्या आधीचं पत्र, त्याला आलेलं उत्तर, कधी कधी खोडलेला मसुदासुद्धा शेजारी असतो.

दुसरं अवतरण न्यू हॅम्पशायरचे गव्हर्नर विल्यम प्लमर यांना २१ जुलै १८१६ रोजी लिहिलेल्या पत्रातलं. विषय होता डार्टमथ कॉलेज: जुनी सनद असलेल्या कॉलेजात राज्य सरकारने बदल करावा की नाही. जेफरसनचा कौल सरकारच्या बाजूने. पुढे १८१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कॉलेजच्या बाजूने दिला, हे मात्र भाषण वाचताना कुणाच्या ध्यानीमनी नसतं. ही दोन्ही वाक्यं बाबासाहेबांनी संविधान बदलण्याची सोय का असावी, हे सांगण्यासाठी वापरली. मूळ संदर्भ कर्ज आणि कॉलेज असा असूनही ती तिथे चपखल बसली, याचं मला कौतुकच वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ‘जेफरसन म्हणाला होता’ छापाची वाक्यं तपासायला याइतकं चांगलं साधन नाही. ‘लोक सरकारला घाबरतात तिथे जुलूम असतो’ हे वाक्य त्याच्या लिखाणात सापडतच नाही. माँटिसेलोच्या संकेतस्थळावर अशा खोट्या अवतरणांची यादीच ठेवलेली आहे. उलट स्वातंत्र्याच्या झाडाला अधूनमधून देशभक्तांचं आणि जुलमी लोकांचं रक्त घालावं लागतं, हे खोटं वाटणारं वाक्य खरं निघतं. १३ नोव्हेंबर १७८७, अ‍ॅडम्सचा जावई विल्यम स्टीफन्स स्मिथ याला लिहिलेलं पत्र. मात्र त्याच पत्रात मॅसॅच्युसेट्सच्या बंडखोरांबद्दल जेफरसन म्हणतो की त्यांच्या हेतूंमागे दुष्टपणा नव्हता, अज्ञान होतं. तेवढं वाक्य टी-शर्टवर कुणी छापत नाही.

पत्राखालची पहिली टीप लोक सहसा वगळतात. वगळू नका. मजकूर कशावरून घेतला ते तिथे लघुरूपांत लिहिलेलं असतं. ‘आरसी’ म्हणजे पत्र मिळालेल्या माणसाकडची प्रत, ‘पीओसी’ म्हणजे पॉलिग्राफवरची नक्कल, ‘डीएलसी’ म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेस. पॉलिग्राफ हे दोन लेखण्या जोडलेलं यंत्र. एक लेखणी हातात धरून लिहायचं, दुसरी त्याच वेळी शेजारच्या कागदावर तेच लिहीत जाते. १८०४ पासून जेफरसन ते वापरत होता, म्हणून त्याने पाठवलेल्या पत्रांच्या इतक्या नकला त्याच्याजवळ राहिल्या. काही कागदांवर ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ असा शिक्का दिसेल. त्यांचं संपादन अजून व्हायचं असतं, टिपा नसतात, वाचनही कच्चं असू शकतं. त्यावरून उतारा घ्यायचा झाला तर जपून.

हस्ताक्षर मात्र इथे दिसत नाही, फक्त मजकूर. वॉशिंग्टन आणि जेफरसनच्या मूळ पानांची छायाचित्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत, जॉन आणि अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स यांची पत्रं मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून वाचायची सवय लावून घेतली तर मजा दुप्पट. ३ जुलै १७७६ च्या पत्रात अ‍ॅडम्स बायकोला लिहितो की २ जुलै हा स्वातंत्र्याच्या ठरावाचा दिवस पुढच्या पिढ्या घंटा, तोफा आणि रोषणाईने साजरा करतील. साजरा होतो ४ जुलै; तारीख दोन दिवसांनी हुकली, बाकी सगळं बरोबर. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जेफरसनचा कच्चा मसुदाही असाच पाहावा. गुलामांच्या व्यापारावरून इंग्लंडच्या राजाला धारेवर धरणारा त्यातला परिच्छेद काँग्रेसने काढून टाकला.

आता मोठी मर्यादा. हे सात माणसांचं कपाट आहे, त्या काळाची अमेरिका नव्हे. इतरांचा आवाज ऐकू येतो तो त्यांनी या सातांपैकी कुणाला लिहिलं तरच. कृष्णवर्णीय पंचांगकर्ता बेंजामिन बॅनेकरने १९ ऑगस्ट १७९१ रोजी जेफरसनला लिहिलेलं पत्र जरूर वाचा. जाहीरनाम्यातलीच वाक्यं त्याने लेखकापुढे धरलीत. पण ओना जजचं काय? वॉशिंग्टनच्या घरातून १७९६ मध्ये पळून गेलेली ही गुलाम स्त्री. १ सप्टेंबर १७९६ चं, तिला परत आणवण्यासाठी अर्थमंत्री ऑलिव्हर वॉलकॉटला लिहिलेलं अध्यक्षांचं पत्र इथे आहे, त्यात तिचं नावही निराळ्या रूपात. तिची स्वतःची बाजू १८४५ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या गुलामगिरीविरोधी वृत्तपत्रात आली, ती दुसरीकडे शोधावी लागते. मूलनिवासींच्या बाबतीत तर हे जास्तच खटकतं.

अमेरिकेच्या संविधानाचंच काम असेल तर हे संकेतस्थळ पुरत नाही. १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनातली मॅडिसनची टिपणं दिवसवार वाचायला येल विद्यापीठाचा अ‍ॅव्हलॉन प्रकल्प बरा, आणि राज्याराज्यांतल्या मंजुरीच्या वादांसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठातला संग्रह. त्या संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी ज्यांचा लेखक हॅमिल्टन की मॅडिसन असा वाद होता, ते वाचताना दोघांच्याही संचांतल्या टिपा पाहाव्यात. एकच पत्र दोन संचांत दोनदा आलेलंही दिसेल. ती चूक नाही, दोन वेगळ्या संपादकांचं काम आहे. टिपा वेगळ्या असतात.

मोबाइलवर वाचू नका, तळटिपांशी मारामारी होते. प्रत्येक कागदाला कायमचा दुवा असतो आणि उल्लेख कसा करायचा तेही खाली तयार असतं, तेवढं वेळच्या वेळी उचलून ठेवा. सुरुवात करणाऱ्याने शोधाची चौकट बाजूला ठेवून जेफरसन आणि मॅडिसन यांची १७८७ ते १७९० मधली पत्रं क्रमाने वाचायला घ्यावीत.