बत्तीसचं रिव्हॉल्व्हर की बत्तीसचं पिस्तूल? काडतुसाचे आकडे बघून ठरवा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे फौजेतून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. त्यातल्या कुणाला डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून छोट्या हत्याराचं लायसन मिळालं की पहिला प्रश्न ठरलेला, 'नाइन एमएम घेता येतंय काय?' नाही. ९ × १९ हे लष्कराचं काडतूस, नागरिकाला प्रतिबंधित बोर, म्हणजे नळीचं बंदी असलेलं माप. साध्या लायसनवाल्यापुढे मुख्यतः दोनच उरतात, .३२ आणि .२२ इंच. खरी गफलत होते ती बत्तीसमध्ये, कारण बत्तीस एक नाही.

इंचाचे मिलिमीटर करायचे तर २५.४ ने गुणा. .२५ चे ६.३५ होतात आणि .४५ चे ११.४३, दोन्ही अगदी चोख. पण .३२ गुणलं की ८.१३ येतात, आणि मिलिमीटरमध्ये त्याचं नाव मात्र ७.६५! छपाईची चूक नाही ही. नळीच्या आत पिळाचे चर असतात. समोरासमोरच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर धरून ७.६५ आलं; गोळी स्वतः ७.९ च्या आसपास भरते. अडतीसचा घोळ याहून मोठा. .३८ स्पेशलची गोळी .३५७ इंच, म्हणजे ९.०७ मिमी. जुन्या काळी मापाचं नाव काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या बाहेरच्या जाडीवरून पडायचं, ते तसंच चिकटून राहिलं. गोळीची जाडी नाइन एमएमच्या अगदी जवळ, तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

म्हणून गुणाकार बाजूला ठेवा आणि फुलीनंतरचा आकडा बघा. ती नळकांड्याची लांबी. पिस्तुलाचं बत्तीस, ज्याला बत्तीस ऑटो म्हणतात, ते ७.६५ × १७. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस लाँग ७.६५ × २३. दोन्ही टेबलावर शेजारी उभी केली की सहा मिलिमीटरचा फरक लांबूनही दिसतो. बूडही निराळं. लाँगच्या बुडाची कड ठळक बाहेर आलेली, तिच्यावर ते सिलिंडरच्या भोकात अडकून राहतं. ऑटोची कड जेमतेम बाहेर, आणि तिच्यावर खाच, कारण त्याला मॅगझिनमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीतल्या काडतुसांच्या खोक्यात, एकावर एक बसायचं असतं.

धोका इथेच आहे. काही रिव्हॉल्व्हरांत ऑटोचं काडतूस आत जातं. जातं म्हणून झाडू नका. लाँगचा दाब सुमारे १,००० बारपर्यंत धरलेला, ऑटोचा १,४०० पर्यंत. दुकानात नुसतं 'बत्तीस द्या' म्हणू नका, 'लाँग' की 'ऑटो' ते सांगा, आणि डब्यावरचं माप नळीवर कोरलेल्या मापाशी ताडून बघा.

वजन ग्रेनमध्ये लिहितात. एक ग्रेन ०.०६४८ ग्रॅम. ऑटोची नेहमीची गोळी ७१ ग्रेन म्हणजे ४.६ ग्रॅम, लाँगची ९८ ग्रेन म्हणजे ६.३५ ग्रॅम. हलकी गोळी वेगाने जाते, जड सावकाश. जोराच्या बाबतीत ऑटो थोडं पुढे. एवढ्यावरून निवड करण्यात अर्थ नाही.

घरात ठेवायचं आणि सराव क्वचित, तर मी रिव्हॉल्व्हर म्हणेन. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा घोडा दाबला की पुढचं समोर येतं. पिस्तुलात स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून ते बाहेर काढावं लागतं, आणि घाबरलेल्या हाताला ते सुचेलच असं नाही. पिस्तूल चपटं, अंगावर वागवायला सोयीचं, पण मॅगझिनची निगा मागतं. जांबोटी, कणकुंबीच्या पावसात तर महिनाभर कपाटात विसरलेल्या कुठल्याही हत्याराला गंज धरेल.

नेमबाजी शिकायची असेल तर .२२ घ्या. ५.६ मिमी, धक्का नाहीसाच, काडतूस स्वस्त. २५ मीटरच्या सेंटर फायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या काडतुसांच्या) स्पर्धेला ७.६२ ते ९.६५ मिमीची हत्यारं चालतात, तिथे पुढे बत्तीस लाँगही कामी येतं.

राहिली शेतातली रानडुकरं. त्यासाठी यातलं काहीच नको. पीकरक्षणाची बारा बोर बंदूक वेगळी, तिचं लायसन वेगळं आणि मापही वेगळं: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकीची जी जाडी ती बारा बोर, साधारण १८.५ मिमी. आणि बंदूक हातात असली तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय डुकरावर झाडता येत नाही.